सवाष्ण भुताचा पत्ता

गणपती गेले की आमच्या घरी भुतं येतात. दर वर्षीचं ठरलेलं आहे. मखर माळ्यावर जातं, उरलेली खिरापत डब्यात मऊ पडते, भाद्रपदाचं ऊन चटचट लागायला लागतं, आणि पितृपंधरवडा सुरू झाला की मला भुताचे सिनेमे बघायची हुक्की येते. मोठ्या कंपनीचे, खर्चिक, झोप उडवणारे सिनेमे मला चालत नाहीत. मला लागतात ते चार पोरांनी मिळून, कुणाच्या तरी काकांच्या रिकाम्या बंगल्यात, उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले. त्यात रक्त म्हणजे उघड उघड टोमॅटो सॉस असतो. भुताच्या मनगटावर घड्याळ असतं. हसवायचं आहे की घाबरवायचं, हे काढणाऱ्यांचंही नक्की ठरलेलं नसतं.

माझी मुलगी सई हल्ली असले सिनेमे फोनवर शोधून देते आणि मग शेजारी बसून माझ्याकडेच बघत राहते.

“बाबा, यात तुला काय आवडतं? ते भूत स्लीपर घालून येतंय.”

“म्हणून तर,” मी म्हणतो.

आता ‘म्हणून तर’ म्हणजे नक्की काय, हे मलाही धड सांगता येत नाही. स्लीपर दिसली की भीती संपायला हवी. माझी संपत नाही. उलट ते भूत एकदम ओळखीचं वाटायला लागतं आणि मी आणखी पुढे सरकून बसतो. असं का होतं, याचा मी बरीच वर्षं विचार करतोय, आणि विचार करत गेलं की दर वेळी नव्वदच्या दशकातल्या एका भाद्रपदात, बेलापुरात जाऊन पोचतो.

तेव्हाचं बेलापूर निम्मं उभं होतं आणि निम्मं अजून नकाशावर होतं. रस्त्यांना नावं नव्हती, आकडे होते. चार मजली इमारती, सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या, सगळ्यांना सारखाच जिना आणि सारखीच वीतभर गॅलरी. मागे डोंगर, पुढे खाडी. खाडीवरून वारा सुटला की दिवाळे गावात वाळत घातलेल्या मासळीचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. बाबांचं ऑफिस इकडे हललं म्हणून आम्ही मिरजेकडच्या आमच्या गावाहून इथे आलो होतो. बाबा खूश होते. मी कॉलेजात होतो, मला कुठेही चाललं असतं. आईला मात्र इथलं काहीच रुचत नव्हतं. वास आला की ती खिडकी लावून घ्यायची आणि बंद खिडकीपाशी बसून गावाकडच्या गोष्टी काढायची.

त्यात एक घोटाळा झाला. बाजारातून येताना आई चुकीच्या इमारतीत शिरली. तिसरा मजला चढली, उजवीकडच्या दाराला किल्ली लावली आणि ती फिरेना म्हणून दार गदागदा हलवायला लागली. आतून एका अनोळखी बाईने दार उघडलं. आईने एकदा त्या बाईकडे बघितलं, एकदा किल्लीकडे, आणि एक शब्द न बोलता जिना उतरली. घरी आली ती घामाघूम होऊन.

“चोर समजली असंल मला ती बाई,” ती म्हणाली. “आपल्या गावात डोळे झाकून घरी येत होते मी. इथं उघडे ठेवून चुकते.”

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून माझ्या आजीची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, हिरवी नऊवारी काढली आणि गॅलरीत टांगली. खाली उभं राहिलं की लांबून हिरवं दिसायचं. ते हिरवं म्हणजे आपलं घर. ओली असो नसो, साडी रोज वाळत पडायची. आजूबाजूच्यांना वाटत असणार, या बाईंना धुण्याचं भलतंच वेड आहे.

आजी आदल्या वर्षी गावी वारली होती. तिने बेलापूर पाहिलं नव्हतं. त्या पितृपंधरवड्यात तिच्या तिथीला आईने गच्चीवर पान ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. कावळे चिक्कार होते. पण ते दिवाळ्याच्या ताज्या मासळीवर पोसलेले, आमच्या वरणभाताकडे कशाला बघतील? मी हे बोलून दाखवलं. आईला अजिबात हसू आलं नाही.

“त्यांना हे घर सापडायचं नाही,” ती म्हणाली. “सेक्टर म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायचं? मी दसरा झाला की गावी जाते. तिथलं घर उघडते, दिवा लावते. तुम्ही दोघं राहा इथं.”

“किती दिवस?” बाबांनी विचारलं.

“बघू की.”

आईच्या बोलण्यातलं ‘बघू की’ म्हणजे काय, ते आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. बाबा त्या दिवशी ताटावरून लवकर उठले. मला आयुष्यात पहिल्यांदाच घर दोन ठिकाणी असू शकतं याची भीती वाटली, आणि ती कुठल्याही सिनेमात वाटली नव्हती इतकी खरी होती.

सिनेमे तर आम्ही तेव्हा पोत्याने बघत होतो. आम्ही म्हणजे मी आणि तळमजल्यावरचा नित्या. कोपऱ्यावर एका गाळ्यात व्हिडिओ लायब्ररी होती. नवीन हिट सिनेमे दुप्पट भाड्याने मिळायचे, म्हणून आम्ही खालच्या फळीवरच्या धूळ खाल्लेल्या कॅसेटी आणायचो. त्यात एक राक्षस होता, ज्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. एक चेटकीण होती, जी मरताना हळूच झगा सावरून, नीट जागा बघून पडायची. आम्ही हसून गडाबडा लोळायचो. आणि तरीही घरी जाताना मी जिन्यातून जरा भरभर चढायचो. चेन दिसली होती ना? दिसली होती. मग? याचं उत्तर तेव्हाही नव्हतं.

“आपण काढू या एक,” नित्या एक दिवस म्हणाला. “पण साला लफडा असा हाय की नवी मुंबईत भूत आणायचं कुठून? इथं अजून कोन मेलंच नाय.”

खरंच होतं ते. पडकी विहीर नाही, चिंच नाही, जुना बंगला नाही. घरांना अजून नव्या रंगाचा वास. भूत राहणार कुठे? मग मी त्याला आईच्या किल्लीची गोष्ट सांगितली आणि नित्या ताडकन उठून बसला. भूत बाहेरगावचं असणार! गावाहून एक सासू, मेल्यावर, सुनेला झपाटायला म्हणून येते आणि तिला सुनेचं घरच सापडत नाही. सगळ्या इमारती सारख्या. बिचारी दारोदार पत्ता विचारत फिरते. सून शेवटपर्यंत दिसत नाही, कारण सुनेचं काम करायला कुणी तयार होईना.

कॅमेरा होता जनादादाकडे. जनादादा दिवाळ्याचा, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, गळ्यात जाड चेन आणि आपल्यासारखा कलाकार ठाणे जिल्ह्यात नाही ही खात्री. एरवी त्याच्या पुढे उभं राहायची आमची छाती नव्हती. पण पितृपंधरवड्यात ना लग्न, ना बारसं, ना वास्तुशांत. कॅमेरा कपाटात आणि जनादादा कंटाळलेला.

“आमचे घरान बसून डोकं फिरलं माझं,” तो म्हणाला. “भूताचं तर भूताचं. एक कॅसेट देतंव. ती संपली का पिच्चर संपला.”

राहिलं भूत. नित्या सरळ आईकडेच गेला.

“पितरांच्या दिवसांत असली नाटकं?” आई खवळली. “या दिवसांत नवीन काही सुरू करत नाहीत, माहीत आहे का?”

“काकू, शुभ काम सुरू करत नाय ना? मग ह्यात शुभ काय हाय?”

मला वाटलं, आता लाटणं येणार. पण ती खिडकीतून खाली बघत होती.

“सासूबाई आल्याच,” ती हळू आवाजात म्हणाली, “तर कशा फिरतील बिचाऱ्या, ते बघायचंय मला.”

ती का तयार झाली, याचं मला अजून नवल वाटतं. कदाचित तेच एक खरं कारण असेल.

तयार झाली, पण अटींवर. पांढरी साडी नेसणार नाही, मी सवाष्ण आहे. कुंकू पुसणार नाही. बांगड्या काढणार नाही. केस मोकळे सोडणार नाही. रात्री बाहेर पडणार नाही. जनादादाकडे रात्रीचा लाइट नव्हताच, त्यामुळे ती शेवटची अट सोपी गेली.

“भूत दुपारी येतं का काकू?” नित्या रडवेला झाला.

“भुतं येत असतील रात्री. आपली माणसं दुपारीच येतात, जेवायच्या वेळेला.”

तर असं आमचं भूत. सासूबाईंची हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, घट्ट अंबाडा, आणि भर दुपारी डांबरी रस्त्यावर चालायचं म्हणून पायात चपला.

“काकू, भुताचे पाय उलटे असतात.”

“असतील. माझे भाजतात.”

धुकं म्हणून आम्ही पावडरचा डबा उधळला. खाडीवरून वारा आला आणि सगळं धुकं नित्याच्या तोंडावर बसलं. तोही शॉट सिनेमात आहे, कारण जोडकाम करायची सोय नव्हती. जे जसं घडेल तसं एकामागून एक कॅसेटवर चढत जायचं. चुकलं तर चुकलं.

आणि सगळ्यात मोठी चूक जनादादाची. वर्षानुवर्षं लग्नं काढून त्याचा हात आणि तोंड दोन्ही बसलेले. माणूस समोर आला की तो ओरडायचा, “बाय, इकरं बगा! कॅमेऱ्यान बगा!” आणि माणूस बघायचा. आमच्या सिनेमात भूत प्रत्येक दारातून वळून कॅमेऱ्याकडे बघतं. दार उघडणारे बघतात. भाजीवाला भाजी तोलता तोलता बघतो. गॅलरीत उभ्या राहिलेल्या बायकांवरून तर कॅमेरा असा सावकाश फिरतो, की आता अक्षता पडणार.

“दादा, भूत कॅमेऱ्यात बघतं का कंदी?” नित्या कपाळावर हात मारून घ्यायचा.

“मंग तोंड कसं दिसंल रे? उद्या बायनीच इचारलं, माजं तोंड कुटं हाय, तं तू देशील का?”

आई मात्र रोज तयार होऊन बसायला लागली. पहिल्या दिवशी ती फक्त नित्याने सांगितलेलं वाक्य म्हणायची. मग स्वतःची वाक्यं घालायला लागली. “सेक्टर दोन म्हणू नका हो, खूण सांगा. पिंपळ आहे का? मारुती आहे का?” लोक हसायचे आणि हसता हसता खुणा शोधायला लागायचे. पिठाची गिरणी. पाण्याची टाकी. कुत्रा पाळलेल्या सरदारजींची गॅलरी. कुणी पाणी द्यायचं, कुणी चहाला बसवायचं. भूत चहा पिऊन बाहेर येईपर्यंत जनादादा कॅमेरा मांडीवर घेऊन जिन्यात डुलक्या काढायचा.

एका दुपारी आई मधल्या रस्त्यावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून इकडे तिकडे बघत होती. शॉट चालू होता. आम्ही झुडपामागे. तेवढ्यात समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्यांना शूटिंगचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आईला बघितलं, सरळ पुढे होऊन तिचा हात धरला. आईने किल्लीने ज्यांचं दार हलवलं होतं, त्याच त्या बाई. उरणकडच्या, नाव रझियाभाभी.

“परत चुकलात ना?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी काय न बोलता निघून गेलात. चला, मी सोडते घरी. मी पन नवी आली तेवा पार खाडीपर्यंत गेली होती, रडत परत आली. कुनाला सांगू नका.”

आईने खरं तर सांगायला हवं होतं, की हे नाटक आहे. रझियाभाभींचा हात धरून ती निमूट चालत राहिली आणि जनादादा मागून चालत शूटिंग करत राहिला. दोघी बायका पाठमोऱ्या, एक हिरवी नऊवारी, एक पिशवीतून डोकावणारी मेथी. आमच्या जिन्यापाशी आईच थांबली आणि तिने वर बघितलं. गॅलरी रिकामी होती, कारण साडी तिच्या अंगावर होती. तरी तिने घर ओळखलं होतं.

शेवटचा शॉट सर्वपित्री अमावास्येला घेतला. भूत फिरून फिरून दमलंय, आमच्याच जिन्याच्या पायरीवर बसलंय. यापुढे नित्याने बरंच काही लिहिलं होतं, सूड वगैरे. जनादादा ओरडला, “बाय, इकरं बगा!” आईने मान वर केली, सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, “आमचं घर कुठं आलं हो?”

कॅसेट संपली. सूड राहून गेला.

दसऱ्याला संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टीव्ही मांडून आम्ही तो सिनेमा लावला. इतकं हसताना मी त्या लोकांना पुन्हा पाहिलं नाही. पाय भाजणारं भूत, पावडर फासलेला नित्या, आणि गॅलरीतल्या प्रत्येक बाईला आपापलं तोंड दिसल्यामुळे तर आनंदीआनंद. मग तो शेवटचा शॉट आला. पायरीवर बसलेली आई. तिने मान वर केली, आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं. हसू एकाएकी थांबलं. टीव्हीतली आई उत्तराची वाट बघत होती. माझ्या अंगावर काटा आला, कारण ती विचारतेय ते सिनेमातलं नाही हे मला माहीत होतं.

त्या शांततेत बाबा खुर्चीतून टीव्हीला म्हणाले, “अगं, हे काय. इथंच आहे की.”

पुन्हा हशा पिकला. आई पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे पुसत होती. मग ती सोनं वाटायला निघाली आणि घराघरांतून फिरून इतक्या उशिराने आली, की बाबांनी आणि मी गार पुऱ्या खाल्ल्या. गावी न्यायला काढलेली ट्रंक आठवडाभर पलंगाशेजारी पडून होती. नंतर ती माळ्यावर गेली. मासळीचा वास आला तरी खिडकी उघडीच राहायला लागली.

तेव्हापासून पितृपंधरवड्यात तो सिनेमा बघायचा, हा आमच्या घरचा कुळाचार झाला. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेन ड्राइव्ह झाला. आई शेवटी विचारायची, बाबा उत्तर द्यायचे. बाबा गेल्यावर आई स्वतःच स्वतःला उत्तर द्यायची, “इथंच की गं,” आणि हसायची. दर वेळी मी मात्र भुताच्या मागे काय दिसतंय ते बघत बसायचो. निम्मे उभे खांब. घरं नसलेला डोंगर. रिकाम्या रस्त्यावरून जाणारी एकच सायकल. खर्चिक सिनेमात हे सगळं झाकतात, रस्ते अडवतात, माणसं हटवतात. पैसे नसले की झाकता येत नाही, आणि मग जे खरं आहे ते आपण होऊन आत शिरतं. भूत खोटं, पण चपला खऱ्या, ऊन खरं, चुकलेली बाई खरी. मला वाटतं, मी असल्या सिनेमांत तेच शोधत असतो. नक्की माहीत नाही. सईला सांगताना मी इथे येऊन नेहमी अडखळतो.

आमची बेलापूरची इमारत पाडली. आई त्याच्या थोडं आधी, चैत्रात गेली. आम्ही आता करंजाड्याला राहतो, सहाव्या मजल्यावर. इथेही सगळे टॉवर एकाच रंगाचे आहेत. सामान पोचवणारे रोज खालून फोन करतात, “सर, कौनसा विंग?” हे घर आईने पाहिलं नाही.

यंदाचं हे तिचं पहिलं भरणी श्राद्ध. दुपारी गच्चीवर पान ठेवून मी खाली आलो. सईने जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून सिनेमा लावला होता. आम्ही दोघं हसलो, नेहमीच्या जागी. मग पायरीवरच्या आईने मान वर केली.

“आमचं घर कुठं आलं हो?”

सईने माझ्याकडे बघितलं. आता बोलायची पाळी माझी होती. मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? सेक्टर, प्लॉट, विंग? ते तर तिला कधीच पटलं नव्हतं. तिला खूण लागायची.

मी उठलो. आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली, तळाची हिरवी नऊवारी काढली आणि गॅलरीच्या कठड्यावरून सगळीच्या सगळी खाली सोडली. ती पार खालच्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत गेली. सई शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने वाऱ्याने उडू नये म्हणून दोन चिमटे लावले.

दहा मिनिटांत सेक्रेटरी खाली आवारात आले, मान वर करून.

“अहो, साडी आत घ्या! बाहेर कपडे वाळत घालायला परवानगी नाही, ग्रुपवर टाकलंय ना मी.”

“घेतो, घेतो,” मी वरून ओरडलो. “जरा वाळू दे.”

साडी कोरडीच होती.